त्सेत्से माशी गुरांना शोधते कशी आणि उन्हाने तिचं काय होतं

आफ्रिकेत गुरांना नगाना नावाचा रोग होतो, ताप येतो, रक्त कमी होत जातं, जनावर खंगून मरतं. तो पसरवणारी त्सेत्से माशी, नर असो की मादी, फक्त रक्तावर जगते. आता एवढ्या मोठ्या रानात तिला बैल सापडतो कसा?

आताच्या झिम्बाब्वेमधे, झांबेझी खोऱ्यात, रेकोमिची नावाचं रिसर्च स्टेशन आहे. तिथे 1970 च्या दशकात ग्लिन व्हेल या शास्त्रज्ञाने बैल चक्क जमिनीखालच्या खड्ड्यात ठेवले, वर छप्पर घातलं, आणि आतली हवा पंख्याने पाईपमधून वर सोडली. म्हणजे बैल दिसतच नाही, नुसता वास, तरी माशा वाऱ्याच्या उलट दिशेने उडत बरोबर तिथे यायच्या! मला हा प्रयोग फार आवडतो, कारण डोळे आणि नाक यांचं काम त्याने इतकं सरळ वेगळं करून दाखवलं. मग त्या वासात नक्की काय आहे ते शोधलं गेलं, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साईड, अ‍ॅसिटोन, 1984 मधे ऑक्टेनॉल, नंतर गोमूत्रातली फिनॉल्स. जवळ आल्यावर मात्र नजर कामाला येते, निळा रंग तिला ओढतो आणि काळ्यावर ती बसते, म्हणून तिथले ट्रॅप निळ्या-काळ्या कापडाचे असतात. उलट वॉटरबक नावाच्या हरणासारख्या प्राण्याला ती टाळते, आणि त्याच्या वासातली द्रव्यं भरलेले पट्टे केनियात गुरांच्या गळ्यात बांधून पाहिलेत.

कळपातसुद्धा ती निवड करते. मोठी जनावरं तिला जास्त आवडतात आणि चावते बहुतेक पायांना, त्यामुळे फक्त मोठ्या गुरांच्या पायांना आणि पोटाला माशी मारणारं औषध लावलं तरी भागतं, खर्च खूप वाचतो. लहान शेतकऱ्यासाठी ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

आपल्याकडे त्सेत्से नाही, पण नगाना ज्या परजीवीमुळे होतो त्याच्याच जातकुळीचा परजीवी गुरं, घोडे, उंट यांना सर्रा नावाचा रोग देतो, 1880 मधे पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना तो पंजाबात सापडला, आणि तो पसरवणाऱ्या गोमाशासुद्धा कार्बन डायऑक्साईड नि ऑक्टेनॉलकडे येतात. पावसाळ्यात गोठ्यात यांचा त्रास वाढतो हे गुरं पाळणाऱ्याला सांगायला नको.

आता हवामान. साधारण 32 अंशाच्या वर पारा गेला की त्सेत्से झाडांच्या ढोलीत जाऊन बसते, मग समोरून बैल गेला तरी ती हलत नाही. आणि मादी एका वेळी एकच अळी जन्माला घालते, ती मातीत शिरून कोष होते आणि महिनाभर काही न खाता साठवलेल्या चरबीवर जगते, जास्त उकाड्यात ती चरबी लवकर संपते. रेकोमिचीला 1975 पासून नोव्हेंबरचं, म्हणजे तिथल्या सगळ्यात गरम महिन्याचं, तापमान साधारण 2 अंशांनी वाढलं. 1990 मधे एका बैलावर एका दुपारी सुमारे 50 माशा पकडल्या जायच्या, 2017 मधे दहा बैलांमागे जेमतेम एक. पण म्हणून आनंद मानायची घाई नको, कारण झिम्बाब्वेतले जे उंच भाग आजवर थंडीमुळे तिच्यापासून वाचले होते तेही आता गरम होतायत, आणि तिथे तर खूप गुरं आहेत.