गुलाबी धिंगरीची घाई

शनिवारच्या शेतकरी बाजारात गुलाबी धिंगरीचं, म्हणजे ऑयस्टर मशरूमचं, पाकीट घेतलं तेव्हा विकणाऱ्या पोराने दोनदा बजावलं, "आजच करा बरं का." मी अर्थातच दुसऱ्या दिवशी रात्री करायला घेतली. पाकिटाला आतून घाम फुटला होता, छत्र्यांच्या कडा मलूल होऊन वर वळल्या होत्या, गुलाबी रंग पिवळट पडला होता आणि तळाशी पिठासारखी भुकटी साचली होती. ती भुकटी म्हणजे बीजाणू. माझ्या फ्रीजमध्ये बसून अळिंबीने आपला वंश वाढवायचा कार्यक्रम उरकून घेतला होता.

कुठलीही भाजी तोडल्यावरही श्वास घेतच असते, पण बटाटा-कांद्याचा श्वास मंद असतो. अळिंबीला मात्र आपण तोडले गेलो आहोत हे कुणी सांगितलेलंच नसतं. छत्री उघडत राहते, बीजाणू पिकत राहतात आणि त्यासाठी अंगातली साठवलेली साखर जळत राहते. त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर पडते. सफरचंदासारखी मेणचट साल नसल्यामुळे अंगातलं पाणीही रोखून धरता येत नाही, आणि तिच्या वजनात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. बाजारातलं नेहमीचं पांढरं बटन मशरूम त्यातल्या त्यात घट्ट आणि मिटलेलं असतं, म्हणून थंड गाडीतून लांबवर जाऊ शकतं. धिंगरी पातळ, तिच्या खालच्या पडद्या उघड्या, कडा जरा दाबल्या की तुटतात. त्यातही गुलाबी जात सगळ्यांत नाजूक. मोठ्या कंपनीला ती डोकेदुखी वाटते. शहरापासून तासाभराच्या अंतरावर शेड टाकणाऱ्या नव्या माणसाला नेमकी तिथेच फट सापडते. माल टिकत नाही, म्हणूनच लांबचा व्यापारी स्पर्धेला येत नाही.

शिवाय बटनसाठी लागतो तसा जामानिमा इथे नाही. बटनला आठवडे घालवून कुजवलेलं कंपोस्ट हवं आणि १६ ते १८ अंशांचा गारवा हवा, म्हणजे आपल्याकडे वातानुकूलन आलंच. धिंगरी भाताच्या पेंढ्यावर, गव्हाच्या काडावर, सोयाबीनच्या कुटारावर येते. भाताच्या पेंढ्यावर ती वाढवण्याचं तंत्र म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६२ मध्ये बसवलं गेलं. काड कुजायला जड असतं ते त्यातल्या लिग्निन या चिवट घटकामुळे. बहुतेक जीव त्याच्या वाटेला जात नाहीत, पण धिंगरीची बुरशी लिग्निन फोडणारी विकरं (एन्झाइम) सोडते आणि आतला सेल्युलोज खाते. एक किलो कोरड्या काडावर अर्धा ते पाऊण किलो ताजी अळिंबी निघते. ऐकायला जादू वाटते. मगाशी सांगितलेलं नव्वद टक्के पाणी आठवलं की जादू जरा ओसरते.

काडात सेल्युलोज भरपूर, पण नायट्रोजनची टंचाई. लाकडावर वाढणाऱ्या धिंगरीची तीच अडचण, आणि त्यावर तिने काढलेला तोडगा मला या सगळ्यात जास्त आवडतो. ती शिकार करते. तिच्या धाग्यांवर सूक्ष्म लॉलीपॉपसारख्या पिशव्या असतात. सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा बारीक किडा, त्यांना घासून गेला की पिशवी फुटते, आतल्या विषाने तो काही मिनिटांत लुळा पडतो आणि मग धागे त्याच्या शरीरात शिरतात. ते विष म्हणजे ३-ऑक्टॅनोन नावाचं साधं, उडून जाणारं रसायन, हे २०२३ मध्ये उलगडलं. काही घरांत अळिंबी वशाटात धरतात आणि श्रावणात आणत नाहीत. त्यांची समजूत जीवशास्त्राला अगदीच सोडून नाही. बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची; तिच्या पेशीभित्तिकेत खेकड्याच्या कवचातलं कायटिन असतं आणि ती साठवण करते ती ग्लायकोजेनची, आपल्या यकृतासारखी.

पुढच्या शनिवारी त्या पोराची शेड बघायला गेलो. दोरीला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, म्हणजे बेड. ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेलं स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बियाणं, थरांमध्ये टाकून भरलेले. काड आधी गरम पाण्यात उकळून घेतलेलं, कारण तसं न केलं तर हिरवी बुरशी आधी जागा पटकावते. बरेच जण त्यासाठी फॉर्मेलिन आणि बुरशीनाशकात काड भिजवतात. पद्धत चालते, पण खायच्या वस्तूसाठी मला गरम पाणीच बरं वाटतं, जळणाचा खर्च धरूनही. एका कोपऱ्यातल्या अळिंबीचे देठ लांबलचक आणि टोप्या बटणाएवढ्या होत्या. "इथं वारं पोचत नाही," तो म्हणाला. कार्बन डायऑक्साइड साचला की बुरशीला आपण अजून लाकडाच्या खोबणीतच आहोत असं वाटतं, आणि मोकळ्या हवेच्या शोधात देठ लांबतो. त्याच्याकडे मोजायचं यंत्र नाही, देठच वाचायचा. तोडणीला मात्र तो मास्क लावूनच शिरतो. बीजाणू रोज छातीत गेले तर खोकला आणि दम मागे लागतो.

हॉटेलवाले त्याला विचारतात, पावसाळ्यात गोव्यात आणि कोकणात वारुळावर येणारी अळंबी का नाही पिकवत? भाव तर तिलाच. ती त्याच्या हातात नाही. ती बुरशी वाळवीने वारुळाच्या पोटात केलेली शेती आहे. वाळवी पाला चावून तिला खाऊ घालते, तण काढते, हवा राखते. हा संसार सुमारे ३ कोटी वर्षांचा, आणि शेडमध्ये तो कुणाला किफायतशीरपणे मांडता आलेला नाही.

त्याची खरी कसरत कॅलेंडरशी आहे. बेड भरल्यापासून पांढरे धागे पसरायला दोन-तीन आठवडे, मग टाचणीच्या डोक्याएवढे कोंब, मग तीन-चार दिवसांत तोडणी. शनिवारपासून उलटं मोजत तो बेड भरतो. जानेवारीतल्या थंडीत हिशोब चुकतो, गुलाबी जात अडून बसते. आणि एखाद्या उकाड्यात सगळं पीक मंगळवारीच येतं. मंगळवारी गिऱ्हाईक नसतं. त्या दिवशीची धिंगरी, पडद्या वर करून, गच्चीवर पापडांशेजारी वाळवणाला पडते. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि दहा किलोंचा उरतो एक किलो. त्या पाकिटावर मात्र "आजच करा" म्हणावं लागत नाही.