सिनेमा आठवत नाही, पण वाईट वाटतंय

आपल्या सिनेमांत स्मृती कशी जाते हे ठरलेलं आहे. नायकाच्या डोक्याला मार बसतो, शुद्धीवर आल्यावर तो बायकोलाच विचारतो, "आपण कोण?", आणि मध्यंतरानंतर दुसरा फटका बसला की सगळं आठवतं. प्रत्यक्षात मार लागल्यावर बहुतेकदा पुसली जाते ती अपघाताच्या आगेमागची आठवण. स्वतःचं नाव, लग्न, घर सहसा शाबूत राहतं. दुसऱ्या फटक्याने इजा वाढते, एवढंच.

'मेमेंटो' (२०००) आणि 'गजनी' (हिंदीत २००८) खऱ्याच्या बरेच जवळ जातात. त्यांच्या नायकांच्या डोक्यात नवं काही टिकत नाही. हेन्री मोलेझन या अमेरिकन माणसाचं असंच झालं होतं. फिट थांबाव्यात म्हणून १९५३ साली, वयाच्या २७व्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंनी हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराचसा अंश शस्त्रक्रियेने काढला. फिट कमी झाल्या, पण त्यापुढे घडलेलं जवळजवळ काहीच त्याच्या लक्षात राहिलं नाही.

'गजनी'चा नायक दर पंधरा मिनिटांनी सगळं विसरतो, पण असं घड्याळ मेंदूत नसतं. मोलेझनला एकदा ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. पंधरा मिनिटांनीही त्याने तो बिनचूक सांगितला. त्याची युक्ती अशी: तिन्ही अंकांची बेरीज १७, त्यातून ८ वजा केले की ९, आणि ९चे दोन भाग ५ आणि ४. एवढा वेळ तो हेच मनात घोळवत बसला होता. विषय बदलला आणि मिनिटभरात आकडा गेला, आकडा दिला होता हेही गेलं. याच मोलेझनने फक्त आरशात बघत दुहेरी रेघांनी काढलेल्या चांदणीच्या त्या रेघांमधून पेन्सिल फिरवण्याचं कसब तीन दिवसांत कमावलं. रोज त्याला वाटे, आपण हे पहिल्यांदाच करतोय. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांच्या या चाचणीतून दिसलं की घटना आणि हाताचं वळण यांची साठवण मेंदूत वेगवेगळी होते.

भावनेचंही तसंच आहे, आणि प्रेमाच्या सिनेमांत खरी गंमत इथेच आहे. 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड'मध्ये (२००४) नायक प्रेयसीची आठवण करून देणारी प्रत्येक वस्तू दवाखान्यात नेतो. त्या बघताना त्याच्या मेंदूचा नकाशा काढतात आणि रात्री झोपेत एकेक आठवण पुसतात. आधी आठवण जागी करायची, मग पुसायची, हा क्रम थक्क व्हावं इतका अचूक आहे. २००० साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एक आवाज ऐकवून पायाला शॉक दिला. दुसऱ्या दिवशी तोच आवाज ऐकवला आणि लगेच मेंदूच्या अमिग्डाला या भीतीशी निगडित भागात ॲनिसोमायसिन हे प्रथिननिर्मिती रोखणारं द्रव्य सोडलं. भीती गेली. आवाज न ऐकवता सोडलं, किंवा ऐकवून सहा तासांनी सोडलं, तर भीती जशीच्या तशी. आठवण वर आली की काही तास कच्ची असते, आणि ती पुन्हा पक्की व्हायला नवी प्रथिनं लागतात.

माणसांवर २००९मध्ये ॲमस्टरडॅमला मेरेल किंट यांनी प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबावरचं औषध (४० मिलिग्रॅम) वापरून पाहिलं. कोळ्याचं चित्र दिसलं की शॉक बसतो, हे लोकांना नंतरही ठाऊक होतं, पण त्यांचं दचकणं थांबलं. म्हणजे घटना राहिली, भावना उतरली. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत हे जमलं नाही. शिवाय हे औषध हृदयाची गती कमी करतं आणि दमेकऱ्याला घातक ठरू शकतं, त्यामुळे विरहावर घरच्या घरी घ्यायची ही गोळी नव्हे.

'इटर्नल सनशाइन'मधलं यंत्र नेमकं उलटं करतं. ते घटना पुसतं, आणि ओढ उरतेच. त्याला पुरावा आयोवा विद्यापीठातला आहे. २०१४च्या प्रयोगात अल्झायमरच्या १७ रुग्णांना सुमारे वीस मिनिटं दुःखी चित्रपटांतले प्रसंग दाखवले. पाच मिनिटांनी विचारलं तर फारच थोडं आठवत होतं. वाईट वाटणं मात्र अर्ध्या तासापर्यंत टिकलं, आणि ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख जास्त वेळ रेंगाळलं. कारणच हरवल्यावर मनाची समजूत घालणार कशी?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या मराठी चित्रपटाला हे पुरतं उमगलं आहे. मोहन आगाशे यांनी साकारलेले, स्मृती हरवत चाललेले संस्कृतपंडित शास्त्री हत्तीमागे भरकटतात आणि माहुताच्या बायकोत, चन्नम्मात, त्यांना आई सापडते. नाव-नातं काही माहीत नाही, पण मायेचा हात ओळखीचा आहे.

घरात असा रुग्ण असेल तर "मला ओळखलंस का?" हा प्रश्न टाळावा. उत्तर येत नाही, ओशाळलेपण मात्र मागे राहतं. "बाबा, मी सुमा, तुमची धाकटी" असं आपणच सांगत जवळ बसावं. "तुझी आई कुठे गेली?" असं वडिलांनी दहाव्यांदा विचारलं आणि दर वेळी "ती वारली" असं सांगितलं, तर ते दहाही वेळा नव्याने कोसळतात. बातमी विसरली जाते आणि संध्याकाळी जेवणाचं ताट का ढकललं ते कुणालाच कळत नाही. त्याऐवजी "आईची आठवण येतेय का?" म्हणून तिच्याबद्दल बोलत राहिलं, डोक्याला जरा तेल लावून दिलं, तर तुम्ही आला होतात हे विसरल्यानंतरही ते बराच वेळ निवांत बसलेले दिसतात.