अत्री दिसला का?

गच्चीचं दार उघडलं की मी लगेच दुर्बिणीचं झाकण काढत नाही. आधी उत्तरेला तोंड करून सप्तर्षी मोजते. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला ते उत्तरेच्या आकाशात चांगले वर आलेले असतात. क्रतू, पुलह, पुलस्त्य, अंगिरस, वसिष्ठ आणि मरीची हे सहा जण साधारण सारख्याच तेजाचे, दुसऱ्या प्रतीच्या आसपासचे. पतंगाची शेपूट जिथे चौकोनाला जोडलेली असते, तिथला अत्री मात्र मंद, ३.३ प्रतीचा. प्रत एकाने वाढली की तेज अडीच पटींनी घटतं, त्यामुळे अत्री बाकीच्यांच्या मानाने बराच फिका पडतो.

मुलुंडच्या आमच्या गच्चीवरून अत्री थेट दिसला, तर रात्र चांगली. त्याच्याकडे न बघता जरा बाजूला बघितल्यावर दिसला, तर चालवून घ्यायचं. नाहीच दिसला, तर चंद्र असेल तरच थांबायचं, नाहीतर खाली जाऊन झोपायचं. बाजूला बघण्यात गंमत नाही, शरीरशास्त्र आहे. मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी डोळ्याच्या पडद्यावर मधोमध नसतात, कडेला असतात.

पहिला धडा मात्र मला अत्रीने नाही, एसीने दिला. सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण, म्हणजे लाकडी पाटावर तोफेसारखी फिरणारी नळी, मी नवी नवी घेतली होती आणि जपायची म्हणून एसीच्या खोलीत ठेवली होती. रात्री वर नेली, नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बसवली, स्वाती ताऱ्यावर रोखली, तर आत सगळं दूध. फोकस पुढे-मागे केला, शिव्या दिल्या. मग टॉर्च मारून बघितलं तर नेत्रिकेच्या काचेवर धुकं आणि नळीच्या तळाशी प्रकाश गोळा करणाऱ्या आरशावरही तेच. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तोच हा प्रकार. मुंबईच्या मे महिन्यात हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली बाष्पाचं पाणी होतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो आणि माझा आरसा २३ अंशांवर गारठलेला होता. पुसायचा मोह झाला होता, पण आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की ओढणीच्या टोकानेही चरे पडतात. चाळीस मिनिटं डास मारत बसले आणि धुकं आपोआप गेलं. तेव्हापासून दुर्बीण संध्याकाळी सातलाच जिन्यात आणून ठेवते. शेजाऱ्यांना वाटतं कुणाचा तरी गिझर आलाय.

दुसरी अडचण पायाखाली असते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता सोडत बसतो. गरम हवेचे लोट वर चढतात, गरम आणि थंड हवेत प्रकाश वेगवेगळा वाकतो, आणि नेत्रिकेतला तारा भजी तळताना कढईवरची हवा हलावी तसा हलतो. खालच्या मजल्यांच्या एसीचे डबे ज्या बाजूला असतील, त्या बाजूला बघूच नये. अकरानंतर गच्ची निवते. हवा पडलेली, थोडी धूसर असली तर तारे उलट जास्त स्थिर असतात. धूसरपणाने मंद तारे जातात खरे, पण जे उरतात ते टाचणीने टोचल्यासारखे बारीक दिसतात.

मला नेहमी विचारतात, मुंबईत एवढा उजेड असताना दुर्बिणीतून दिसणार काय? प्रश्न रास्त आहे. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आल्यापासून तर जास्तच. हवेचे रेणू निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा सुमारे तिप्पट विखुरतात. दिवसा आकाश निळं दिसतं तेही याच कारणाने. त्यामुळे वर जाणारा तेवढाच उजेड आकाश जास्त पांढुरकं करतो.

पण दुर्बीण या उजेडाला चकवते, आणि ते कसं हे समजल्याशिवाय मुंबईत दुर्बीण घेऊ नये असं माझं मत आहे. माझ्या दुर्बिणीचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जमते तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिलिमीटर. त्यात २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट मोठं दिसतं. १० मिलिमीटरची लावली की १२० पट. म्हणजे मोठेपणा अडीच पट झाला. आकाशाचा उजेड पसरलेला असतो, त्यामुळे तो आता अडीच गुणिले अडीच, म्हणजे सव्वासहा पट जागेवर ताणला जातो आणि तितका फिका पडतो. तारा मात्र इतका दूर असतो की १२० पट करूनही ठिपकाच राहतो, त्याचा उजेड ताणला जात नाही. पार्श्वभूमी काळी होत जाते आणि तारा जिथल्या तिथे. त्यात सहा इंची आरसा अंधारात विस्फारलेल्या डोळ्याच्या बाहुलीच्या साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. म्हणून नुसत्या डोळ्यांना जिथे रिकामं राखाडी आकाश दिसतं, तिथे नेत्रिकेत तारे सांडलेले असतात.

ही चलाखी दीर्घिकांना (आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या वसाहतींना) आणि तेजोमेघांना (वायूच्या ढगांना) लागू पडत नाही. ते स्वतःच पसरट, त्यामुळे पार्श्वभूमीबरोबर तेही तितकेच फिके होतात. मरीचीच्या जवळ एम ५१ नावाची भोवऱ्यासारखी दीर्घिका आहे, सुमारे अडीच-तीन कोटी प्रकाशवर्षं दूर. गच्चीवरून मी ती बऱ्याचदा शोधली आहे. एकदाही दिसली नाही. तेव्हा शहरात राहणाऱ्याने मन घालावं ते चंद्र, ग्रह आणि जोडताऱ्यांत.

जोडतारा म्हटलं की मला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आठवतात. पापड वाळवायला घातले होते ते उचलायला रात्री वर आल्या आणि विचारलं, "काय गं, सापडला का कुणी?" मी दुर्बीण वसिष्ठावर लावली होती.

"आजी, लग्नात तुम्हाला अरुंधती दाखवली होती ना?"

"दाखवली म्हणे. भटजींनी बोट केलं तिकडे बघून मी मान हलवली. भुकेने जीव जात होता."

त्यांना स्टुलावर बसवलं. चष्मा काढायला सांगितलं, कारण जवळचा-लांबचा फरक फोकसच्या चाकाने भरून निघतो. बराच वेळ काही नाही. नवखा माणूस डोळा नेत्रिकेला चिकटवतो आणि स्वतःच्याच पापण्या बघतो. मग थोडं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "हं, आहे. लांबची ती अरुंधती का? मग वसिष्ठाला चिकटून ही दुसरी कोण?"

वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यातलं अंतर पूर्ण चंद्रबिंबाच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त, नुसत्या डोळ्यांनी दिसण्याजोगं. पण दुर्बिणीत वसिष्ठ स्वतःच दोन होतो. त्या दोघांत जेमतेम १४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतर आहे, म्हणजे सुमारे ३०० मीटरवर धरलेलं रुपयाचं नाणं दिसेल तेवढं. ही जोडी सतराव्या शतकात, दुर्बीण नवी असतानाच लक्षात आली होती. पुढे १८८९ मध्ये हार्वर्डच्या एडवर्ड पिकरिंग यांनी जाहीर केलं की त्यातला तेजस्वी ताराही दोन ताऱ्यांचा आहे. ते दुर्बिणीतून वेगळे दिसत नाहीत, पण वर्णपटातल्या, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या, रेषा ठरावीक दिवसांनी दुभंगतात आणि पुन्हा एक होतात. एक तारा आपल्याकडे येत असतो तेव्हा दुसरा लांब जात असतो, म्हणून. या पद्धतीने सापडलेला तो पहिला जोडतारा. दुसरा मंद ताराही जोडीचा निघाला, आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही सोबती सापडला. एकूण सहा, आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर.

आजींना मी सहाचा हिशोब सांगितला. "म्हणजे एकत्र कुटुंब," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "अगं, गेलं की सगळं!"

धक्का लागला नव्हता. पृथ्वी फिरते, ते दुर्बिणीत जितकं जाणवतं तितकं दुसरीकडे कुठेच जाणवत नाही. चित्रा नक्षत्राच्या आसपासचा एखादा तारा १२० पटींत धरला, तर पावणेदोन मिनिटांत तो नेत्रिकेच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाऊन नाहीसा होतो. वसिष्ठ ध्रुवाच्या बाजूचा, त्यामुळे तीनेक मिनिटं टिकतो. दर दोन मिनिटांनी नळी हलकेच ढकलायची सवय हाताला लागते.

जाता जाता एक तक्रार. खेळण्यांच्या दुकानात एका खोक्यावर "६७५ पट" छापलेली दुर्बीण बघितली. भिंग ६० मिलिमीटरचं. भिंगाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे फार तर दोन पट ताणता येतं, म्हणजे ६० मिलिमीटरला १२०. त्यापुढे नुसता फुगवलेला धूसरपणा. वर तिचा पाय इतका लटपटता की फोकसला हात लावला की चंद्र नाचतो. मुलांचा आकाशातला रस अशा खोक्यांनी जेवढा मारला असेल तेवढा ढगांनीही नसेल. त्या पैशांत दोन्ही डोळ्यांनी बघायची चांगली द्विनेत्री येते.

आता दक्षिणेकडे वळू, कारण उन्हाळ्यात मुंबईकराचं खरं भाग्य तिकडे आहे. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून मेच्या मध्यावर एके दुपारी, साडेबारा वाजून गेल्यावर, सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि गच्चीवरच्या टाकीची सावली टाकीखाली गडप होते. बारालाच का नाही? कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि मुंबईचा सूर्य त्यापेक्षा ३९ मिनिटं मागे. जुना "बॉम्बे टाइम" नेमका तेवढाच मागे असायचा आणि तो या शहरात १९५५ पर्यंत रेंगाळला. वेळ ठेवणं आणि ताऱ्यांचे वेध घेणं यासाठीच ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली होती. पुढे तिथे चुंबकीय मोजणी चालायची, पण शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने ती मोजणी बिघडणार म्हटल्यावर ती अलिबागला हलवावी लागली. तिथली वेधशाळा १९०४ ची. शहराच्या विजेला कंटाळून बाहेर जाणारे आम्ही काही पहिले नाही.

अक्षांश कमी असल्यामुळे दक्षिणेचे तारे आपल्याकडे क्षितिजावर चढतात. त्रिशंकू या तारकासमूहाचा सर्वांत तेजस्वी तारा मुंबईतून जेमतेम ८ अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंशांची, म्हणजे मुठीपेक्षाही कमी. मेच्या मध्यावर रात्री पावणेदहाच्या सुमाराला तो ऐन दक्षिणेला असतो. विश्वामित्राने वर पाठवलेला आणि मधेच अडकलेला राजा इतक्या खाली लोंबकळताना बघितला की ज्याने कथा रचली त्याला दाद द्यावीशी वाटते. आमच्या गच्चीवरून तो पूर्वी दिसायचा. आता तिथे ३२ मजले आहेत.

म्हणून अमावस्येच्या जवळच्या शनिवारी आम्ही कर्जत लोकल पकडून बदलापूरच्या पुढच्या स्टेशनावर, वांगणीला जातो. मुंबई-ठाण्यातल्या आकाशवेड्यांचा तो जुना अड्डा. पूर्वीइतका अंधार तिथेही राहिलेला नाही, पण अत्री आहे का हे शोधावं लागत नाही, आणि एम ५१ आणि तिला चिकटलेली छोटी दीर्घिका असे दोन पुसट ठिपके माझ्या दुर्बिणीत येतात. मध्यरात्रीच्या सुमाराला दक्षिणेला मित्र (अल्फा सेंटॉरी) हा तारा १० अंशांवर येतो. त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या साडेपाचपट हवा कापून येतो, त्यामुळे तो लाल, निळा, हिरवा असा रंग बदलत लुकलुकतो. हवा क्षणभर थांबली की तो दोन होतो. सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा शेजार हाच, सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडा लांब, आणि ते दोन तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. हा तारा जोडीचा आहे हे पहिल्यांदा टिपलं गेलं तेही भारतातून. १६८९ च्या डिसेंबरात पाँडिचेरीला झां रिशो नावाचे जेझुइट पाद्री धूमकेतू बघत होते, तेव्हा त्यांना मित्राच्या जागी दोन तारे दिसले.

त्याआधी, पावणेअकराच्या सुमाराला, २३ अंशांवर ओमेगा सेंटॉरी येतो. प्राचीन काळच्या टॉलेमी या खगोलज्ञाने त्याला तारा म्हणून नोंदवलं होतं. १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून एडमंड हॅलीने बघितलं तेव्हा तो तारा नसल्याचं कळलं. तो सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोल गुच्छ आहे, १७,००० प्रकाशवर्षं दूर. वांगणीत नुसत्या डोळ्यांना तो बोटाने पुसलेल्या खडूच्या ठिपक्यासारखा दिसतो. २५ च्या नेत्रिकेत त्याचा रव्याचा ढीग होतो, कडेचे कण सुटे सुटे आणि मधले मिसळलेले. लंडनहून तो कधी उगवतच नाही.

हे सगळं जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. मग पाऊस येतो आणि दुर्बिणीचा शत्रू बदलतो. मुंबईच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि एकदा वरचा थर खाल्ला की गेलं. नेत्रिका हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की पाणी प्यायले असं समजायचं, एका जुन्या तव्यावर गरम केले की पुन्हा निळे होतात. तवा स्वयंपाकाचा नको, त्या रंगात कोबाल्ट असतं. आमच्याकडचा तवा आजींनी दिलाय.