कोवळ्या वयातील आईचे ताट : कोल्हापूरच्या ग्रामीण भागातील पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्याचे नाव घेतले की ऊस, गूळ आणि म्हशीचे दूध आठवते. कुपोषण आठवत नाही. तो विषय मेळघाटाचा किंवा नंदुरबारचा, असे आपण धरून चाललो आहोत. पण सोळा-सतराव्या वर्षी आई होणाऱ्या मुलीच्या ताटात काय पडते, हे जिल्ह्याच्या उत्पन्नावर ठरत नाही. ते घरात तिला असलेल्या स्थानावर ठरते आणि अलीकडच्या काळात सरकारी कागदावर तिचे वय काय लिहिले आहे, यावरही ठरू लागले आहे.

लग्नाच्या वयाचा कायदा तुकड्यातुकड्यांनी आला. १८९१ च्या कायद्याने मुलीचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचे वय, १० वरून १२ वर नेले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले. मात्र तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता आणि कोल्हापूर हे संस्थान होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्येच संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते, पण प्राथमिक शाळा दहा-अकराव्या वर्षी संपते आणि त्यापुढची वाट खेड्यातील बहुतेक मुलींना पुढे कित्येक वर्षे मिळाली नाही. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच वर्षी लग्नाचे वय १५ झाले, आणि १८ व्हायला १९७८ साल उजाडावे लागले. म्हणजे आज नातसुनेला पथ्य सांगणाऱ्या अनेक आजींचे स्वतःचे लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी आणि कायद्याला धरूनच झालेले आहे. त्यांच्या दृष्टीने हे वय लहान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाल्याचे दिसले, आणि १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या.

ताटाचा इतिहास कुठल्या कायद्यात सापडत नाही, तो स्वयंपाकघरात सापडतो. जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडे शाळूची भाकरी, पश्चिमेला राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडे भात आणि नाचणी, सोबत आमटी किंवा एखादे कोरड्यास, असे हे जेवण मुळात वाईट नाही. अडचण वाढण्याच्या क्रमात आहे. आधी पुरुषमाणसे, मग मुले, मग सासू आणि शेवटी सून, या क्रमात डाळ तळाशी गेलेली असते आणि सुनेच्या भाकरीसोबत आमटीचे पाणी आणि खरडा उरतो. म्हशीची धार ती काढते, पण दूध डेअरीला जाते, कारण त्या बिलावर घर चालते. सकाळी तिचा नाश्ता म्हणजे चहा आणि कालची चपाती. चहामुळे अन्नातील लोह नीट अंगी लागत नाही, हे तिला कोणी सांगितलेले नसते. गरोदरपणात ‘जास्त खाल्लेस तर बाळ मोठे होईल आणि अडेल’ हे मात्र हमखास सांगितले जाते. अरुंद कमरेच्या, कोवळ्या वयाच्या मुलीचे बाळंतपण खरोखरच अडते आणि ती भीती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे, म्हणून तिला नुसते अडाणीपण म्हणणे मला अन्यायाचे वाटते. उपाय मात्र उलटा निघाला.

बाळंतपणानंतर चित्र पालटते. माहेरी सव्वा महिना अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, खारीक-खोबरे, शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशोपा, असा हा परंपरेचा सर्वांत शहाणा भाग आहे. तरी केळी, दही आणि इतर पालेभाज्या ‘बाधतात’ म्हणून वर्ज्य होतात, आणि माहेर गरीब असेल तर लाडवांचा डबा पंधरा दिवसांतच रिकामा होतो.

या वयात प्रश्न दुप्पट अवघड होतो, कारण मुलीची स्वतःची वाढ अजून संपलेली नसते. पाळी सुरू झाल्यानंतरही काही वर्षे हाडे वाढत असतात. त्याच काळात गर्भ राहिला तर कॅल्शियम, लोह आणि प्रथिने यांसाठी आई आणि बाळ यांच्यात ओढाताण होते, आणि बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार गरोदरपणात रोज सुमारे ३५० आणि बाळाला पाजताना पहिल्या सहा महिन्यांत ६०० उष्मांक जास्त लागतात. रक्तक्षयावरील उपचारात मुंबईचा वाटा आहे. १९२८ नंतर ल्युसी विल्स यांनी तेथे गरोदर गिरणी-कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये मांडले. त्यातील घटक म्हणजेच पुढचे फोलिक ॲसिड. आज आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते, आणि ती गरोदरपणात १८० व नंतर १८० दिवस घ्यायची असते. मळमळते म्हणून ती डब्यात तशीच राहते, ही तक्रार मात्र फार जुनी आहे.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला, आणि त्यात वयाची अट नाही. पैशाच्या मदतीचे तसे नाही. २०१० च्या इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजनेत वयाची अट किमान १९ होती. सध्याच्या मातृवंदना योजनेत ती १८ वर्षे ७ महिने आहे. लहान वयातील लग्नाला सरकारी पैशाने उत्तेजन मिळू नये, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण ज्या मुलीचे लग्न होऊन गेले, तिला ही अट परत शाळेत नेत नाही, फक्त तिच्या वाट्याचे पाच हजार रुपये जातात.

त्यात २०१२ चा पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा आणि ऑक्टोबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. अठराखालील पत्नीशी संबंध हाही बलात्कार ठरला, आणि अशा गरोदरपणाची खबर पोलिसांना देणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. मुलीच्या संरक्षणासाठी हे आवश्यकच होते. परंतु घरच्यांनी त्यातून काढलेला अर्थ असा की नाव नोंदवू नये, किंवा नोंदवताना वय एकोणीस सांगावे. नाव उशिरा लागले की घरपोच आहार आणि गोळ्या उशिरा मिळतात, आणि खोटे वय लागले की नर्सबाईंच्या लेखी ती जोखमीची माता राहत नाही.

सर्वांत कमी नोंद होते ती ऊसतोड टोळ्यांतील मुलींची. दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या जिल्ह्यातील कारखान्यांच्या ऊसपट्ट्यात उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, म्हणून मुलाच्या जोडीला मुलगी लवकर हवी असते. पहाटे चारला तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकरी भाजून, दोन भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून ती फडात जाते आणि सात-आठ महिन्यांची असली तरी मोळी डोक्यावर घेते. तिच्या नोंदणीचे कार्ड मूळ गावातल्या अंगणवाडीत असते, ती असते करवीर किंवा शिरोळच्या रानात, आणि तिथला ऊस तोडून झाला की टोळी पुढच्या गावाला निघते. इथल्या अंगणवाडीच्या वहीत तिचे नाव लागायचे, तर सेविकेला कोपीपर्यंत, म्हणजे टोळीच्या झोपडीपर्यंत, चालत जावे लागते, आणि काही सेविका खरोखर जातात.