काळाकुळकुळीत छापला तरी बारकोड वाचेना

इंदूरला राजवाड्याजवळ आमच्या मावशीचं छोटंसं घरगुती काम आहे, चिवडा, चकली, शेव वगैरे. मागे एका दुकानाने अख्खी पेटी परत पाठवली, म्हणे स्टिकर स्कॅनच होत नाहीये. मावशी म्हणते, "अरे एवढा काळाकुळकुळीत छापलाय, अजून काय हवंय त्यांना!" घोळ तिथेच होता.

मावशीच्या स्टिकर छापायच्या थर्मल, म्हणजे उष्णतेने छापणाऱ्या, प्रिंटरमध्ये शाई नसतेच. हेडवर, म्हणजे छापणाऱ्या पट्टीवर, एका रांगेत बारीक बारीक हीटर असतात, लेबलवर रसायनाचा लेप असतो, तो तापला की काळा पडतो. साध्या 203 डीपीआयच्या (इंचाला 203 ठिपके) प्रिंटरला एका मिलिमीटरमध्ये असे 8 ठिपके, म्हणजे एक ठिपका 0.125 मिमीचा. आणि स्कॅनरला रेघ किती काळी याच्याशी फारसं घेणंदेणं नाही, तो बघतो काळ्या रेघा आणि पांढऱ्या फटी किती रुंद आहेत, कारण दुकानातल्या 13 आकडी बारकोडमध्ये त्या सगळ्यात बारीक रेघेच्या 1, 2, 3 किंवा 4 पटच असतात, त्यातूनच आकडा कळतो. मावशीने डार्कनेस, म्हणजे हेड किती तापवायचं ते सेटिंग, फुल्ल ठेवलेला, मग उष्णता आजूबाजूला पसरते, रेघा फुगतात नि फटी बुजतात. मोबाइलने झूम करून बघितलं तर दोन रेघा चक्क चिकटलेल्या!

डार्कनेस आणि स्पीड कमी केला, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. तरी कधी वाचायचा, कधी नाही. आता यातला गुन्हेगार मीच, स्टिकरवर बसावा म्हणून बारकोडचं चित्र कोपऱ्याला धरून ओढलं होतं. बारीक रेघेचं नेहमीचं माप 0.33 मिमी, म्हणजे 2.64 ठिपके, पण अर्धा ठिपका काही छापता येत नाही, मग प्रिंटर कुठे 2 छापतो कुठे 3, आणि सगळं प्रमाण बिघडतं. सरळ 3 ठिपके धरले, 0.375 मिमी, बारकोड थोडा मोठा झाला पण पहिल्या फटक्यात बीप. दोन्ही बाजूंची कोरी जागा मात्र सोडावीच लागते, तिथे भाव छापायचा नाही.

हे लेबल तेलकट हाताने आणि मे महिन्याच्या उन्हाने खराब होतं, तेव्हा शेवेच्या पाकिटांना रिबनवालं, म्हणजे शाईच्या फितीतून छापणारं, प्रिंटिंगच बरं. मावशीला आता दिवाळीसाठी लाल रिबन हवी होती, पण काउंटरवरच्या बहुतेक स्कॅनरचा उजेडच लाल, त्याला लाल रेघ पांढरीच दिसते. सध्या रुसली आहे.