मागणीची लवचिकता

वस्तूची किंमत बदलली असता तिची मागणी कितपत बदलते, हे सांगणारे अर्थशास्त्रातील माप. किंमत वाढली की मागणी घटते एवढेच मागणीचा नियम सांगतो. किती घटते, याबद्दल तो गप्प असतो. या संकल्पनेला नाव आणि आजचे रूप दिले ते ॲल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने. त्याचा मुख्य ग्रंथ १८९० मध्ये निघाला.

मोजण्याची रीत अशी : मागणीतील शेकडा बदलाला किमतीतील शेकडा बदलाने भागायचे. समजा, कांदा २० रुपये किलोवरून ३० वर गेला आणि महिन्याला ५ किलो घेणारे घर ४ किलोवर आले. किंमत ५० टक्के वाढली, मागणी २० टक्के घटली, लवचिकता ०.४. (खरे तर उत्तर उणे येते, पण ते चिन्ह सोडून देण्याची प्रथा आहे.) उत्तर १ पेक्षा कमी असेल तर मागणी कमी लवचीक, जास्त असेल तर जास्त लवचीक. भागाकार नको असेल तर घरखर्च पाहावा. आधी कांद्यावर १०० रुपये जात होते, आता १२० जातात. भाव वाढल्यावर खर्चही वाढला, म्हणजे मागणी कमी लवचीक. ही एकूण खर्च पद्धत. टक्केवारीच्या सूत्रापेक्षा हीच डोक्यात पक्की बसते.

उभ्या अक्षावर किंमत आणि आडव्यावर मागणी घेतलेल्या आलेखावर मागणीची रेषा जेवढी उभी तेवढी लवचिकता कमी, असे विद्यार्थी सर्रास लिहितात. ते अर्धेच खरे. एकाच सरळ मागणीरेषेवर वरच्या टोकाकडे लवचिकता जास्त असते, खाली कमी, आणि बरोबर मध्यावर १.

लवचिकता मुख्यतः पर्यायांवर ठरते. कोबी महागला तर गवार घेता येते. फोडणीत कांद्याऐवजी काय घालणार? मिठाला तर पर्यायच नाही आणि घरखर्चात त्याचा वाटाही नगण्य. म्हणून सरकारला अशी वस्तू कर लावायला सोयीची, आणि म्हणूनच तो कर गरिबाला जास्त जाचक. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामागे हेही गणित होते. कोकणात शिरोड्याला तो झाला.

कमी लवचीक मागणीचा खरा फटका ग्राहकापेक्षा शेतकऱ्याला बसतो. सतराव्या शतकातील इंग्लंडमधल्या धान्याबद्दल ग्रेगरी किंग या तिथल्याच आकडेतज्ज्ञाच्या नावाने एक अंदाज सांगितला जातो : पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशांनी वाढतो. हेच उलट्या दिशेने चालते. वरच्या ०.४ च्या हिशेबात बाजारातला माल १० टक्के वाढला, तर तो खपायला भाव साधारण २५ टक्के उतरावा लागतो. १०० क्विंटलचे २,००० च्या भावाने २ लाख झाले असते. ११० क्विंटलचे १,५०० ने १ लाख ६५ हजारच होतात. पीक चांगले आले आणि हातात पैसे कमी. नाशिक जिल्ह्यात लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरांची रांग वाढली की भाव कोसळतो, त्यामागे हेच कारण असते.

मग शेतकऱ्यांनी कांदा कमी लावावा, असा सल्ला शहरातून मिळतो. तो देणारे एक गोष्ट विसरतात. सगळ्या बाजाराची मागणी कमी लवचीक असली, तरी एकट्या शेतकऱ्यापुरती ती जवळजवळ संपूर्ण लवचीक असते. त्याने दोन ट्रॉल्या कमी आणल्या म्हणून लिलावातला भाव रुपयाने हलत नाही. त्याचे उत्पन्न मात्र तेवढे बुडते. त्याच्या हातात फार तर विक्रीची वेळ असते, तीही उन्हाळ कांद्यापुरती, कारण तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, चार-पाच महिने राहतो. लाल कांदा टिकत नाही. काढला की मिळेल त्या भावाने लिलावात न्यावाच लागतो.