ओपन अ‍ॅक्सेस प्रकाशन : शुल्कमाफी, पात्रता आणि कागदपत्रे

शोधनिबंध कोणालाही विनामूल्य वाचता यावा, यासाठी अनेक नियतकालिके लेखकाकडून आर्टिकल प्रोसेसिंग चार्ज, म्हणजेच एपीसी, आकारतात. निबंध स्वीकारला गेला की शुल्काचे पाहू, असे म्हणणारे लेखक बहुधा अडचणीत येतात. कारण पुष्कळ प्रकाशक शुल्कमाफीचा अर्ज निबंध सादर करतानाच घेतात आणि स्वीकृतीनंतर आलेल्या अर्जाचा विचार करत नाहीत.

अर्ज करण्यापूर्वी शुल्क खरोखर आहे का, हे पाहावे. डायमंड प्रकारची नियतकालिके लेखक आणि वाचक या दोघांकडूनही काही घेत नाहीत. २००३ मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठात सुरू झालेल्या डीओएजे या ओपन अ‍ॅक्सेस नियतकालिकांच्या निर्देशिकेत प्रत्येक नियतकालिकाचे शुल्क, माफीचे धोरण आणि परवाना यांची नोंद असते. तेथे नाव नसलेले प्रत्येक नियतकालिक फसवे नसते. मात्र तीन दिवसांत पीअर रिव्ह्यू, म्हणजेच तज्ज्ञांकडून होणारे परीक्षण, उरकून देण्याचे आश्वासन देणाऱ्या ईमेलला उत्तर न दिलेलेच बरे.

शुल्क असल्यास पात्रतेचे प्रमुख मार्ग दोन आहेत. लेखकाच्या संस्थेचा प्रकाशकाशी करार असेल, तर शुल्क त्या करारातून भागते. पण तेथे साधारणपणे करस्पाँडिंग ऑथरची, म्हणजेच प्रकाशकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचीच, संस्था विचारात घेतली जाते, सहलेखकांची नाही. दुसरा मार्ग अल्प उत्पन्न असलेल्या देशांतील लेखकांसाठी आहे. अशा देशांना संशोधन साहित्य विनामूल्य किंवा सवलतीत पुरवणाऱ्या रिसर्च४लाइफ या उपक्रमाच्या यादीतील अ गटातील देशांना अनेक प्रकाशक पूर्ण माफी देतात आणि ब गटातील देशांना बहुधा निम्मी सवलत देतात. हायब्रिड, म्हणजे वर्गणीवर चालणारी पण शुल्क भरल्यास एखादा निबंध खुला करणारी, नियतकालिके मात्र सहसा यातून वगळलेली असतात.

कागदपत्रे फार नसतात, पण नेमकी लागतात. ऑर्किड क्रमांक (संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक), संस्थेच्या डोमेनचा ईमेल, अनुदानाचा क्रमांक, सहलेखकांची संमती आणि इतरत्रून घेतलेल्या आकृत्यांच्या वापराची लेखी परवानगी हाताशी ठेवावी. विशेष बाब म्हणून माफी मागायची असल्यास, प्रकाशनासाठी निधी उपलब्ध नसल्याचे विभागप्रमुखांचे पत्र जोडल्याने अर्जाला वजन येते. फॉर्ममध्ये संस्थेचे नाव हाताने न लिहिता सुचवलेल्या यादीतूनच निवडावे. नावाऐवजी संक्षेप लिहिला किंवा खासगी ईमेल दिला, तर प्रणालीला करार ओळखता येत नाही आणि पात्र लेखकालाही पूर्ण रकमेचे बिल येते.

स्वीकृतीनंतर परवाना, म्हणजे इतरांना निबंध कसा वापरता येईल याच्या अटी, निवडण्याचे पान येते, आणि तेथे घाई करू नये. सीसी बाय या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात श्रेय देऊन व्यावसायिक वापरासह सर्व वापर करता येतो. अनुदानित संशोधन खुले असावे असा आग्रह धरणाऱ्या प्लॅन एस या उपक्रमाशी जोडलेल्या अनुदानदात्यांचा आग्रह सामान्यतः याच परवान्याचा असतो. एनसी (व्यावसायिक वापरास मनाई) आणि एनडी (बदल करून प्रसारित करण्यास मनाई) ही अक्षरे जोडलेले परवाने अधिक सुरक्षित भासतात. पण काही प्रकाशक त्यांच्यासोबत व्यावसायिक हक्क स्वतःकडे घेतात, त्यामुळे करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

माफी नाकारली गेली, तरी ग्रीन, म्हणजे निबंधाची प्रत स्वतः खुली करण्याचा, मार्ग उरतो. पीअर रिव्ह्यूनंतर स्वीकारलेले हस्तलिखित संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजेच ऑनलाइन संग्रहात, ठेवण्यास बरेच प्रकाशक परवानगी देतात; काही ठिकाणी त्यासाठी ६ ते २४ महिने थांबावे लागते. ठेवायची ती लेखकाची अंतिम वर्ड फाइल. नियतकालिकाच्या मांडणीतील पीडीएफ चढवण्यास सहसा मनाई असते.